गेलेला जोम परत येतो तेव्हा मराठी कोणतं क्रियापद निवडते?

जुलैमध्ये दहा-बारा दिवस पावसानं दडी मारली की नागपूर जिल्ह्यातल्या शेतांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माना टाकते. मग एखादी चांगली सर येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर ऐकू येतं, "तरारली गा पऱ्हाटी!" त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रात एखाद्या तलावाच्या 'पुनरुज्जीवना'ची बातमी असते, एखाद्या सहकारी संस्थेला 'नवसंजीवनी' मिळालेली असते, आणि घरात तापातून उठलेल्या आजोबांना कुणी तरी विचारत असतं, "आता हुशारी वाटते ना?" चारही ठिकाणी घडलेलं वरवर सारखंच दिसतं. काही तरी मंदावलं होतं, त्यात पुन्हा जोर आला. तरी शब्द चार आले, आणि ते एकमेकांच्या जागी ठेवून पाहिले तर वाक्य बिघडतं. पऱ्हाटीचं पुनरुज्जीवन झालं असं कुठलाही शेतकरी म्हणणार नाही. आजोबा तरारले म्हटलं तर ऐकणारा थबकेल.

हा फरक निव्वळ सवयीचा नाही. जोर परत आला तो आपोआप आला, स्वतःच्या कष्टानं आला की दुसऱ्या कुणी आणून दिला, हे मराठीत बहुतेक वेळा क्रियापदच सांगून टाकतं. ही क्रियापदं नीट वापरली तर वाक्यातून घटनेचं कारण कळतं. ढिलेपणानं वापरली तर कारण लपतं, आणि सार्वजनिक कामांच्या बातम्यांत ते लपलेलं मला फार खटकतं. त्याकडे शेवटी येतो. सुरुवात शेतातून करू, कारण या घराण्यातले सगळ्यात जिवंत शब्द तिथलेच आहेत.

तरारणे आणि त्याच्या आधीचे तीन टप्पे

तरारणे हे झाडापानांचं क्रियापद आहे आणि ते पाण्याशी बांधलेलं आहे. पानाच्या प्रत्येक पेशीत पाणी साठवणारी एक पिशवी असते. शाळेच्या पुस्तकात तिला रिक्तिका म्हणतात. ती भरलेली असली की आतून पेशीभित्तिकेवर दाब पडतो आणि पान ताठ राहतं, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्यावर ती घट्ट होते तसं. दुपारच्या उन्हात पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांच्या ओढण्याच्या वेगापेक्षा वाढतो, दाब कमी होतो आणि पान लुळं पडतं. संध्याकाळी ऊन उतरलं, मुळांनी तूट भरून काढली, की तेच पान पुन्हा उभं राहतं. मेलेलं काहीच नसतं, फक्त दाब गेलेला असतो. तरारणे म्हणजे हा दाब परत येणं. म्हणूनच ते एका रात्रीत होऊ शकतं आणि म्हणूनच त्या शब्दात तो चटपटीतपणा आहे.

याच्या उलट दिशेच्या शब्दांकडे पाहिलं तर मराठी शेतकऱ्यानं किती बारकाईनं पायऱ्या पाडल्या आहेत ते दिसतं. पान आधी कोमेजतं किंवा मलूल होतं. मग सुकतं. मग वाळतं. कोमेजलेलं तरारतं, यात शंका नाही. सुकलेलं तरारेल की नाही, हे मुळांवर आणि पावसाच्या वेळेवर अवलंबून. वाळलेलं तरारत नाही. "वाळलेलं पान तरारलं" हे वाक्य व्याकरणात बसतं पण अर्थात बसत नाही.

वनस्पतिशास्त्रानं हीच सीमा आकड्यात पकडली आहे. मातीचे कण पाण्याला धरून ठेवतात. ओल कमी होत जाते तशी ही पकड घट्ट होते, आणि साधारण 15 बार (बार हे दाब मोजायचं एकक) इतक्या ओढीपलीकडे बहुतेक पिकांच्या मुळांना ते पाणी ओढता येत नाही. तिथून पुढे रात्र गेली तरी पान उभं राहत नाही. आपल्या काळ्या, चिकण मातीत हा पेच अधिक असतो. ती पाणी भरपूर साठवते, पण त्यातला बराच वाटा स्वतःच घट्ट धरून बसते. वरचं ढेकूळ फोडलं तर आत ओल दिसते आणि शेजारचं झाड मात्र मान टाकून उभं असतं. पावसाच्या खंडाच्या दिवसांत "जमिनीत ओल आहे, मग पीक का सुकतं" हा प्रश्न दरवर्षी निघतो, त्याचं उत्तर हे आहे.

पालवणे हे तरारण्याचं सख्खं भावंड वाटतं, पण त्याची गोष्ट निराळी आहे. तरारणे म्हणजे तेच पान पुन्हा ताठ होणं. पालवणे म्हणजे जुनं पान गेलं आणि त्या जागी नवं आलं. रामटेक, पेंच, उमरेडकडच्या जंगलांत साग उन्हाळ्यात पूर्ण ओका होतो आणि पावसाबरोबर पालवतो. पळस आधी फुलतो, मग त्याला पानं येतात. कडुनिंब तर चैत्राच्या उन्हातच पालवतो, पावसाची वाटही पाहत नाही. म्हणून माणसाच्या मनाबद्दल बोलतानाही दोन्ही शब्द एकाच अर्थानं चालत नाहीत. दिवसभराच्या कामानं मरगळलेलं मन गार वाऱ्यानं टवटवीत होतं. मुळापासून ओसाड झालेल्या आयुष्यात आशा पालवते, तिथे टवटवीत हा शब्द हलका पडेल.

टवटवीतचा विषय निघालाच आहे तर त्याची घडणही पाहून घ्यावी. टवटव, रसरस, सळसळ, तरतर, मुसमुस असे दुहेरी ध्वनी मराठीत भरपूर आहेत. त्यांना णे लावला की क्रियापद होतं आणि ईत लावला की विशेषण. टवटवणे, टवटवीत. रसरसणे, रसरशीत. ईच्या शेजारी आल्यावर सचा श होतो, म्हणून रसरसीत न म्हणता रसरशीत, आणि मुसमुसीतच्या ऐवजी मुसमुशीत. ताजातवाना मात्र या घरातला नाही. तो फारसीतून आला. ताजा म्हणजे ताजा, आणि तवाना म्हणजे ताकदवान.

अंगात येते ती तरतरी, हुशारी की उभारी?

माणसाच्या शरीराकडे वळलो की क्रियापद पातळ होतं आणि नाम पुढे येतं. मला तरतरी आली, अंगात हुशारी आली, मनानं उभारी धरली. पहिल्या दोन वाक्यांत माणूस कर्ता नाही. तरतरी कर्ता आहे, आणि ती माणसाकडे येते. या तीन नामांत अदलाबदल करू नये असं मला ठामपणे वाटतं, कारण ती तीन वेगळ्या कालावधींची नावं आहेत.

तरतरी मिनिटांची, फार तर काही तासांची. ती चहानं येते. चहातलं कॅफिन मेंदूतल्या अ‍ॅडिनोसिन नावाच्या द्रव्याची जागा अडवतं. दिवसभर जागं राहिल्यानं हे द्रव्य साठत जातं आणि थकल्याचा निरोप देत राहतं. कॅफिन तो निरोप पोचू देत नाही. थकवा तिथेच असतो, फक्त कळत नाही. म्हणून चहानं तरतरी येते असं आपण म्हणतो, चहानं उभारी आली असं सहसा कुणी म्हणत नाही, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीनंही ते बरोबरच आहे.

मे महिन्यातल्या नागपुरात तरतरीचं दुसरं, अधिक खरं साधन म्हणजे मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. पारा 45 अंशांच्या वर गेला, नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू झाला, की घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी प्यायलं तर ती भरपाई अर्धवट राहते. आतड्यातल्या पेशींना सोडियम आणि ग्लुकोज एकत्र मिळाले तर त्या दोघांनाही जोडीनं आत घेतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी शिरतं. साखर इथे चवीपुरती नाही, ती पाण्यासाठी दार उघडते. याच तत्त्वावर ओआरएसची पुडी तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यासाठी 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट. इथली तरतरी उसनी नसते. पऱ्हाटीला सरीनं जे मिळतं तेच शरीराला इथे मिळतं. ऊन लागून माणूस बरळायला लागला, अंग तापलं, शुद्ध हरपायला लागली, तर मात्र हे शब्द आणि हे सरबत दोन्ही बाजूला ठेवावं. त्याच्या तोंडात काही ओतू नये, अंग भराभर थंड करत दवाखाना गाठावा.

हुशारी दिवसांची. आजारातून उठताना ती येते. फारसी होशियार म्हणजे शुद्धीवर असलेला, सावध. बुद्धिमान हा अर्थ मराठीत जास्त चालतो, पण "पोर आता हुशार दिसते" असं आजी तापातल्या नातीबद्दल म्हणते तेव्हा तिला गणितातली हुशारी अभिप्रेत नसते. डोळ्यांत भान आलं, एवढंच ती सांगते आहे.

उभारी आठवड्यांची, कधी वर्षांची. ती आजारापेक्षा आघातानंतर येते. नापिकी, घरातला मृत्यू, नोकरी जाणं. उभारी यायला वेळ लागतो, आणि ती येण्याबरोबरच धरावीही लागते. हा धरणे शब्द लक्षात असू द्या.

नागपूरच्या बोलीत या सगळ्याला आणखी एक सोय आहे. प्रमाण मराठीत तरतरी येते किंवा येत आहे. इथे तरतरी येऊन राहिली आहे. "बरं वाटते काय, काका?" "हो, वाटून राहिलं आता." राहणे जोडल्यामुळे जोर एका क्षणात परतलेला नाही, तो थोडा थोडा येतो आहे, हे ऐकू येतं. ही रचना हिंदीच्या शेजारानं आली म्हणून अशुद्ध ठरवणारे पुष्कळ आहेत. मला ती बरं होण्याच्या क्रियेला फार नेमकी बसणारी वाटते.

शरीराचा जोर परत आल्याची सगळ्यात अचूक खूण मात्र एका व्याकरणाच्या प्रकारात आहे, ज्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. त्याला शक्य क्रियापद म्हणतात. मला आता चालवतं. आईच्यानं आता जिना चढवतो. बाबांना दोन घास जेववतात. वऱ्हाडी-नागपुरीत, मले आता चालवते. चालणे या धातूला व लागून चालवणे झालं, आणि कर्ता ला किंवा च्यानं घेऊन आला. अर्थ झाला, करण्याची ताकद अंगात असणं. हीच रूपं आजारपणात नकारातून ऐकू येतात. बसवत नाही, गिळवत नाही, बोलवत नाही. ज्या दिवशी नाही गळून पडतं त्या दिवशी माणूस बरा होऊ लागला असं समजावं. भेटायला आलेल्या माणसानं "कसं वाटतंय" विचारण्यापेक्षा "आता चालवतं का" विचारलं तर उत्तर जास्त खरं मिळतं.

तरारवणे असं कुणी का म्हणत नाही

हाच व दुसऱ्या कामालाही येतो. हसणे, हसवणे. उठणे, उठवणे. बसणे, बसवणे. मूळ क्रिया करणारा एक आणि ती करायला लावणारा दुसरा. अशा क्रियापदांना प्रयोजक म्हणतात. "तो गाडी चालवतो" यातलं चालवणे प्रयोजक आहे, "मला चालवतं" यातलं शक्य. रूप एक, घडण वेगळी.

आता तरारणेचं प्रयोजक करून पाहा. तरारवणे. कानाला लगेच खोटं लागतं. टवटवणे, रसरसणे, पालवणे यांचीही तीच गत. मराठीत जगवणे आहे, फुलवणे आहे, जागवणे आहे. पण जगवणे म्हणजे मरू न देणं, आणि फुलवणे म्हणजे बहराला आणणं. गेलेलं परत आणण्याचा अर्थ त्यांत नाही. शेताच्या भाषेत कोमेजलेल्याला तरारायला लावणारा कर्ताच नाही. पाणी देता येतं, तरारायचं काम रोपानं करायचं असतं.

मग दुसऱ्या कुणी जोर आणला हे सांगायचं असेल तर मराठी नाम घेते आणि त्याला एखादं साधं क्रियापद जोडते. ही जोडणारी क्रियापदं मुख्यत्वे तीन. येणे, धरणे, आणि आणणे-देणे. येणे असलं की कुणाचाच हात नाही. तरतरी आली, जान आली, रंगत आली. धरणे असलं की ज्याचा जोर परतायचा त्याचे स्वतःचे कष्ट आणि वेळ. उभारी धरली, जोम धरला, मूळ धरलं, बाळसं धरलं. आणणे किंवा देणे असलं की बाहेरचा माणूस, बाहेरची मदत. चैतन्य आणलं, बळ दिलं, उजाळा दिला. आज्ञा करून पाहिली तर हा फरक चटकन कळतो. "उभारी धर" असं आपण खचलेल्या मित्राला म्हणू शकतो. "मरगळ झटक" असंही म्हणू शकतो, कारण झटकणे हे ज्याचं त्यानं करायचं काम आहे. पण "तरतरी ये" किंवा "तरार" अशी आज्ञा देता येत नाही.

हे तिन्ही एकाच जागी पाहायचे असतील तर काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या संत्र्याच्या बागेत जावं. बहार हा शब्द तिथे तिन्ही क्रियापदांबरोबर चालतो, आणि त्यामागचं शास्त्र ज्याला संत्री आवडतात त्या प्रत्येकानं समजून घेण्यासारखं आहे.

विदर्भाच्या हवेत संत्र्याचं झाड मनाला येईल तसं वर्षातून दोन-तीनदा फुलू शकतं. थंडी सरताना येतो तो आंबिया बहार, पावसाच्या तोंडी मृग, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त. सगळे येऊ दिले तर झाड दमतं आणि कुठलंच फळ धड होत नाही. म्हणून शेतकरी एक बहार निवडतो. याला बहार धरणे म्हणतात. त्यासाठी बागेला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत थोडे दिवस पुरतात, भारी काळ्या जमिनीत बरेच जास्त लागतात, कारण वर सांगितल्याप्रमाणे तिच्यात साठा मोठा असतो. पानांची चकाकी जाते, ती पिवळट होतात, थोडी गळतात. बाहेरून बाग आजारी वाटते. आत मात्र वेगळंच चाललेलं असतं. शेंड्याची वाढ थांबली तरी उरलेली पानं उन्हात अन्न बनवत राहतात, आणि वाढीवर खर्च न झालेलं ते अन्न फांद्यांत साठत जातं. मग एके दिवशी ताण तोडायचा. पहिलं पाणी हलकं, नंतर हळूहळू वाढवत न्यायचं, सोबत खत. डोळे फुटतात. नुसत्या पानांची नवती येण्याऐवजी साठलेल्या अन्नाच्या जोरावर फुलं येतात. आंबियाचा ताण डिसेंबर-जानेवारीत देतात आणि त्याची फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत निघतात. मृगाचा ताण मे महिन्यात, पावसानं तुटतो, आणि फळं पुढच्या फेब्रुवारी-मार्चात. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं नागपुरी संत्रं या दोन ताणांवर उभं आहे.

आता वाक्यं पाहा. शेतकऱ्यानं बहार धरला. झाडाला बहार आला. आणि लांबलेल्या पावसानं मृग चुकला, टँकरनं पाणी आणून आंबिया घेतला, तर बहार आणला. एकाच घटनेतला झाडाचा वाटा, शेतकऱ्याचा वाटा आणि बाहेरून आलेल्या पाण्याचा वाटा प्रत्येक वाक्य वेगळा मोजतं.

ताण अंदाजापेक्षा जास्त झाला तर शेंडे वाळतात. याला शेंडेमर म्हणतात, आणि वाळलेल्या काड्यांना सल. जुन्या, दुर्लक्षित बागांत सल, बुंध्यातून डिंक गळायला लावणारा डिंक्या रोग आणि पानांवरची काळी बुरशी, म्हणजे कोळशी, असं सगळंच एकत्र दिसतं. अशा बागेला पाणी देऊन भागत नाही. सल जिवंत लाकडापर्यंत काढायचे, कात्री दर वेळी निर्जंतुक करायची, बुंध्याला मोरचूद, चुना आणि पाणी 1, 1 आणि 10 या प्रमाणात कालवून तयार केलेली बोर्डो पेस्ट लावायची, पावसाळ्याआधी आणि नंतर. निळसर पांढऱ्या बुंध्यांच्या बागा काटोलच्या रस्त्यानं जाताना दिसतात त्या यामुळे. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचं याच पिकांवर काम चालतं. या कामाला संत्रा बागेचं पुनरुज्जीवन म्हणतात, आणि इथे हा मोठा शब्द मला पूर्ण योग्य वाटतो. कर्ता ठरलेला आहे, कृती ठरलेली आहे, आणि परत आलेलं डोळ्यांना दिसतं, नवी नवती.

पुनरुज्जीवन आणि त्याचे शेजारी

पुनर् अधिक उत् अधिक जीवन. उत् मधला त् पुढच्या ज मुळे ज् होतो, म्हणून उज्जीवन. पुनर् मधला र् पुढच्या उ ला मिळतो, म्हणून पुनरु. उत् म्हणजे वर. पुन्हा वर उठून जगणं, असा त्याचा अर्थ. त्यावरून पुनरुज्जीवित करणे हे क्रियापद झालं, आणि इथे मराठीला तो बाहेरचा कर्ता मिळाला जो तरारणेत मिळत नव्हता. लिहिताना रु ऱ्हस्व, ज्जी दीर्घ, आणि पुनरुज्जीवित मधला वि ऱ्हस्व. फलकांवर सर्रास दिसणारे पुर्नजीवन, पुर्नविकास, पुर्नवसन हे चूक. अर्धा र् न च्या नंतर उच्चारला जातो, म्हणून रफार न वर येत नाही, त्याच्या पुढच्या अक्षरावर येतो. पुनर्विकास, पुनर्वसन.

त्याचे शेजारी शब्द आपापली हद्द राखून आहेत. जीर्णोद्धार वास्तूचा, मुख्यतः देवळाचा. दगड तेच, मोडलेलं सावरलं. ऊर्जितावस्था धंद्याला, संस्थेला येते किंवा आणतात, आणि तिच्या आधी डबघाई असते. कात टाकणे हे सापाकडून आलं. सापाची वरची त्वचा शरीराबरोबर वाढत नाही, म्हणून तो ती उतरवून ठेवतो. आतली वाढ आधी, बाहेरचा बदल नंतर. एखाद्या कार्यालयाला नुसता रंग दिला तर त्यानं कात टाकली असं लिहू नये.

नवसंजीवनी हा शब्द बातमीदारांनी फार झिजवला आहे. संजीवनीच्या दोन कथा आपल्याला ठाऊक आहेत. शुक्राचार्यांची विद्या, जी मिळवायला कच त्यांच्याकडे राहिला, आणि मूर्च्छित लक्ष्मणासाठी हनुमानानं आणलेली वनस्पती. दोन्हींत संजीवनी दुसऱ्या कुणाकडून मिळते आणि समोरचा मेलेला किंवा मरणाच्या दारात असतो. म्हणून बंद पडायला आलेल्या सूतगिरणीला सरकारी पॅकेज मिळालं तर संजीवनी शोभते. चांगल्या चालणाऱ्या नाट्यसंस्थेला नवं सभागृह मिळालं तर शोभत नाही.

आणि पुनर्विकास. याला पुनरुज्जीवनाचा भाऊ समजण्याची चूक नागपूरकरांनी तरी करू नये. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली त्याच दिवशी, म्हणून ते नाव. पिढ्यानपिढ्या तिच्या भोंग्यावर शहराचे मोहल्ले उठले. मिल बंद पडली, आणि तिच्या जागेवर आज एम्प्रेस सिटीचा मॉल आहे. जमीन कामाला लागली, नाव टिकलं. पण धागा, माग आणि कामगार परत आले नाहीत. तिथे पुनर्विकास झाला. पुनरुज्जीवन म्हणायचं तर जे गेलं होतं तेच परत यायला हवं.

आता नाग नदी. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांकडून निघून, अंबाझरी तलावावरून, शहराच्या पोटातून ती पूर्वेकडे जाते, पिली नदीला घेऊन कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्दचं धरण. शहराला प्यायचं पाणी येतं पेंच आणि कन्हानहून. ते वापरून झालं की त्याचा मोठा वाटा सांडपाणी होऊन नागेत उतरत आला. म्हणजे उन्हाळ्यात नागेत जे वाहताना दिसतं ते बहुतांशी तिचं स्वतःचं पाणीच नव्हे. या कारणासाठी केंद्राच्या राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली, जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून एक प्रकल्प आखला आहे. त्याच्या सरकारी नावात प्रदूषण निर्मूलन आहे. बातम्यांत मात्र तो नाग नदी पुनरुज्जीवन प्रकल्प झाला.

या दोन नावांमधलं अंतर मोठं आहे. प्रदूषण निर्मूलन म्हणजे मलवाहिन्या टाकणं, सांडपाणी अडवणं, शुद्ध करणं. ते व्हायलाच हवं. भांडेवाडीत शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं, म्हणजे तितकं पेंचचं पाणी वाचतं, हेही मोलाचं. पण सांडपाणी पूर्ण अडवल्यावर मे महिन्यात पात्रात काय उरेल, हा प्रश्न नदीच्या पुनरुज्जीवनाचा आहे. त्याचं उत्तर काठावरची मोकळी जमीन, मुरणारं पाणी, वरच्या भागातले झरे आणि तलाव यांत आहे. पात्र काँक्रीटच्या भिंतींत बांधलं आणि वर फरशी घातली तर त्याला सौंदर्यीकरण म्हणावं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला आणि पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा नदीला पसरायला जागा लागते हे या शहरानं पाहिलं आहे.

म्हणून नागेबद्दल लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की कर्ता आणि कर्म दोन्ही लिहा. "नदीचं पुनरुज्जीवन सुरू" याऐवजी "महापालिकेनं अमुक पुलापासून अमुक पुलापर्यंत मलवाहिनी टाकली" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला त्या पुलावर जाऊन खात्री करता येते. सांडपाणी अडलं असेल तर अडलं लिहा, गाळ काढला असेल तर गाळ काढला लिहा. पुनरुज्जीवित झाली हे क्रियापद उन्हाळ्यात नागेला स्वतःचं पाणी येईल त्या वर्षासाठी राखून ठेवा.